लाख लावल्यावर चिठ्ठी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासऱ्यांना शर्टपीसऐवजी ईमेल आयडी भेट दिला, स्वतःच्या डोमेनवरचा, अगदी आडनावासकट. भांडवल म्हणाल तर एक भाड्याचा सर्व्हर, त्यावर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) आणि अंगातली खुमखुमी. बाबा पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे 'जावयाने घरचं पोस्ट काढलंय' हे कऱ्हाडात निम्म्या गावाला सांगून झालं होतं.

मग एक दिवस फोन. "अहो, नाशिकची पत्रं पोचत नाहीयेत." बाबा मेलला पत्रच म्हणतात. नाशिकला मेव्हणा असतो, त्याला स्पॅममध्ये बघायला लावलं तर सगळी तिथेच पडलेली, लॉटरी आणि टकलावर केस उगवणाऱ्या तेलाच्या मधोमध.

आता कारण मला माहीत होतं, फक्त दोन वर्षं आळस केला होता. डीकेआयएम लावलंच नव्हतं. म्हणजे आपल्या सर्व्हरने जाणाऱ्या प्रत्येक मेलवर खाजगी चावीने सही करायची, जोडीची सार्वजनिक चावी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, टांगायची, घेणारा ती ताडून बघतो. २००७ पासूनचं स्टँडर्ड आहे हे, आणि दिवसाला ५००० मेल पाठवणाऱ्यांना तर गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीच केली. बाबा दिवसाला दोन पाठवतात, तेही दुपारी झोप नाही लागली तर. पण संशय यायला दोनसुद्धा पुरतात.

शनिवारी पोहे खाऊन बसलो, म्हटलं अर्ध्या तासाचं काम. ही सही करणारं ओपनडीकेआयएम टाकलं, २०४८ बिटची चावी काढली, डीएनएसच्या पॅनेलमध्ये नेऊन चिकटवली. टेस्ट मेल. हेडर उघडून बघतो तर 'नो की फॉर सिग्नेचर'. (हे 'नो की' वाचलं की मराठी माणसाला पुढचं वाक्य कुणीतरी खाल्लंय असंच वाटतं.) चावी तर मी आत्ता टाकली! डिग मारला, म्हणजे कमांड देऊन डीएनएसलाच चावी विचारली, काहीच नाही. पुन्हा मारला, काहीच नाही. तासाभराने ट्यूब पेटली, मी रेकॉर्डच्या नावात पूर्ण डोमेन लिहिलं होतं आणि पॅनेलने शेपटाला आपणहून अजून एकदा डोमेन जोडलं होतं, म्हणजे पत्ता झाला 'कुलकर्णी वाडा, कऱ्हाड, कऱ्हाड'. ते सुधारलं तरी उत्तर नाहीच, कारण डीएनएसला एकदा 'नाही' मिळालं की ते 'नाही'सुद्धा तो काही वेळ जपून ठेवतो, घरातल्या मोठ्यांसारखं.

त्यात चावी जवळपास ४०० अक्षरांची आणि डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदीच्या (जिच्यात चावी ठेवतात) एका तुकड्यात मावतात २५५, म्हणून ओपनडीकेआयएमच्या फाइलमध्ये तिचे अवतरणात घातलेले तुकडे असतात. मी ते अवतरणं, कंस, मधल्या रिकाम्या जागा सगळ्यासकट चिकटवले होते. बायको येऊन म्हणाली, "ताट तिकडेच आणू का?" मी हो म्हणालो, ती आणणार नव्हती.

संध्याकाळी चावी दिसायला लागली आणि नवीन एरर आला, 'बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय'. म्हणजे सही सापडली, चावी सापडली, पण मजकूर सही केला तेव्हाचा नाही. मी परमिशन बघितल्या, सर्व्हिस रिस्टार्ट केली, सर्व्हर रिस्टार्ट केला, राउटरसुद्धा केला, ज्याचा काडीचाही संबंध नव्हता. तेवढ्यात बाबांचा फोन.

"झालं का हो?"

"बाबा, शिक्का बसतोय, पण तिकडे म्हणतायत आतला मजकूर बदललाय."

"मग लाख लावल्यावर कुणीतरी पाकीट उघडतंय."

"कोण उघडणार? सर्व्हर माझाच आहे."

"अहो, बाहेरचा कशाला उघडेल? आमच्याकडे एक क्लार्क होता, सील झाल्यावर आठवायचं त्याला, अरे पावती आत घालायची राहिली."

मी गप्प. दोन वर्षांपूर्वी मीच हौसेने एक फिल्टर बसवला होता, जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी 'कागद वाचवा, ही मेल प्रिंट करू नका' अशी ओळ चिकटवणारा. तो सही झाल्यानंतर चालत होता. क्लार्क मीच होतो.

फिल्टर काढून टाकला. डीकेआयएम पास. रात्री अकराला बाबांना म्हटलं, पाठवा आता नाशिकला काय ते. त्यांनी वाड्याचे आठ फोटो एकाच पत्रात जोडले आणि पोस्टफिक्सने ते दारातूनच परत पाठवलं, कारण त्याची मूळ मर्यादा १० एमबीच्या आसपास असते आणि ती मी कधी वाढवलीच नव्हती.

पाच मिनिटांनी दुसरं पत्र गेलं. मेव्हण्याने स्क्रीनशॉट पाठवला, चक्क इनबॉक्समध्ये. आत एकच ओळ होती: "फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत, बघ."