अख्खा सूर्य

आज सकाळी आमच्या इमारतीच्या सूचना फलकावर, टाकी धुण्याची तारीख आणि हरवलेल्या मांजराचे छायाचित्र यांच्या मधोमध, माझ्या सदनिकेच्या क्रमांकासह एक सूचना लागली आहे : 'गच्चीवर विनापरवाना बसवलेले नादुरुस्त हवामान यंत्र सभासदांची दिशाभूल करीत असल्याने सात दिवसांत काढून घ्यावे.' विनापरवाना हे मला मान्य आहे. दिशाभूल या आरोपातही थोडे तथ्य आहे, कारण वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बसवताना मी उत्तर दिशा चुकलो होतो आणि पहिले चार दिवस कोथरूडमध्ये पश्चिमेचा वारा दक्षिणेकडून वाहत होता. नादुरुस्त हा शब्द मात्र मला लागला आहे.

यंत्र घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले. पुण्याच्या माणसाला हवामानाचा नाद लागावा यात नवल नाही. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आले आणि त्या चौकाला आपण आजही सिमला ऑफिस म्हणतो. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर हवेचा दाब ९४६ हेक्टोपास्कल दिसला. समुद्रकिनारी हा आकडा दिसणे म्हणजे भीषण चक्रीवादळ डोक्यावर येणे, हे वाचलेले असल्यामुळे मी दोरीवरचे कपडे काढले, खिडक्या लावल्या आणि पत्नीला मेणबत्त्या शोधायला सांगितले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने इथला दाब मुळातच कमी असतो आणि ती उंची यंत्रात आधी भरावी लागते, हे माहितीपुस्तिकेच्या अकराव्या पानावर होते. तापमापकाचेही तसेच झाले. सरकारी तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत सावलीला बसलेला असतो. माझा कठड्याला टेकून तापलेल्या स्लॅबची वाफ घेत होता. पण ही माझी घरगुती अब्रू होती. चव्हाट्यावर आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांमुळे.

काकू मला शाळकरी वयापासून ओळखतात. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे तो शिजवून त्या गच्चीवर कुरडया घालत होत्या, आणि मी पर्जन्यमापकातले कबुतराचे पीस काढत होतो. 'पाऊस नाही ना रे आज?' असे त्यांनी सोऱ्या फिरवता फिरवता विचारले. मी खिशातून यंत्राचा सुटा पडदा काढून त्यांना दाखवला. त्यावर सूर्य होता. दुपारी पावणेचारला वळीव आला, त्या वेळी काकू बहिणीकडे धायरीला होत्या, आणि संध्याकाळी सात वाजता त्या माझ्या दारात होत्या. हातात पिठाच्या लगद्याचे ताट होते.

'तुझ्या त्या डबीत सूर्य होता ना?'

'होता, काकू.'

'अख्खा होता ना? ढगाआडचा नव्हता?'

'अख्खा होता.'

'मग हे काय आहे?' त्यांनी ताट पुढे केले. पुरावा म्हणून मला ते हातात घ्यावे लागले.

इथे मी गप्प बसायला हवे होते, परंतु ज्याने नुकतेच काही वाचलेले असते त्याला ते जमत नाही. मी त्यांना समजावून सांगितले की ते चित्र आकाश बघून येत नाही. यंत्र फक्त दाब चढतो की उतरतो ते पाहते आणि चढला की सूर्य काढते. थंड देशांत ही युक्ती बरी चालते. आपल्याकडे मात्र दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, मग पाऊस असो वा नसो.

'रोज?'

'रोज.'

'म्हणजे रोज सकाळी सूर्य?'

'बहुतेक.'

'आणि दुपारी ढग?'

'हो.'

'अरे, मग त्याला घड्याळ म्हणतात,' काकू म्हणाल्या.

मला उत्तर सुचले नाही. बाजू सावरण्यासाठी मी म्हणालो की अंदाज चुकत असेल, पण मोजमाप चोख आहे : पर्जन्यमापकाच्या आतली चिमुकली डोलती पन्हळ ०.२ मिलिमीटर पाणी साचले की एकदा कलंडते, ती ५८ वेळा कलंडली, म्हणजे नेमका ११.६ मिलिमीटर पाऊस पडला.

'माझ्या कुरडयांवर किती पडला ते सांग.'

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. काकूंचा प्लास्टिकचा कागद दोन मीटर बाय तीन मीटर. मी प्रामाणिकपणे हिशेब केला आणि सांगितले, 'सुमारे सत्तर लिटर.'

'म्हणजे साडेचार बादल्या पाणी ओतलंस तू,' असे म्हणून त्यांनी ताट परत घेतले आणि त्या जिना उतरल्या. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत तो पाऊस माझ्या नावावर आहे.

पंचांगाचे असे होत नाही, हे माझे दुःख आहे. मृगाचे वाहन बेडूक निघाले आणि जून कोरडा गेला, तर बेडकाला कोणी नोटीस बजावत नाही. माझे यंत्र एका दुपारी चुकले तर कार्यकारिणीची बैठक भरते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि तिच्यात मला हसू येत नाही. गेले पंधरा दिवस माझा पर्जन्यमापक निरभ्र आकाशाखाली रोज पहाटे सव्वासहाला पाऊस नोंदवू लागतो आणि पावणेसातला थांबतो. आधी मला ते दव वाटले. मे महिन्यात, तेही तीन मिलिमीटर! अखेर एका पहाटे वर जाऊन पाहिले, तर टाकी भरून ओसंडत होती आणि जादा पाण्याच्या नळीतून पडणाऱ्या धारेचे शिंतोडे वाऱ्याने माझ्या नरसाळ्यात येत होते. पंप कोणी वेळेवर बंद करत नाही. ज्या इमारतीत उन्हाळ्यात टँकरची वर्गणी गोळा होते, तिथे रोज अर्धा तास पाणी गच्चीवरून गटारात जाते, आणि मिनिटामिनिटाची नोंद असलेला कागद मी सेक्रेटरींच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि निष्कर्ष काढला की पाऊस नसताना जे यंत्र पाऊस दाखवते ते नादुरुस्त असते. टाकीत तरंगता गोळा बसवायला पैसे लागतात. माझ्यावर सूचना लावायला एक टाचणी पुरली.

आज पहाटेही पाऊस झाला, ३.४ मिलिमीटर.

दुपारी सेक्रेटरींचा निरोप आला. रविवारी संध्याकाळी गच्चीवर सर्वसाधारण सभा आहे, खुर्च्या मांडायच्या आहेत, तेव्हा पावसाचे काय दिसते ते जरा बघून सांगा, असे त्यात लिहिले होते. यंत्र नादुरुस्त आहे, असे मी त्यांना कळवले आहे.