‘यंदा कसला स्वातंत्र्यदिन?’ या संदेशाला उत्तर

ऑगस्ट उजाडला की एक संदेश फिरायला लागतो. दरवर्षी त्यातली नावं बदलतात, गाभा तोच राहतो. गेली काही वर्षं फिरतोय त्याचा आशय असा: मणिपूर धुमसतंय, महाराष्ट्रात एका पक्षाला दिलेलं मत दुसऱ्याच पक्षाच्या मांडीवर जाऊन बसतंय, कुठल्या संस्थेवर विश्वास ठेवावा ते कळेनासं झालंय. अशा वेळी स्वातंत्र्यदिन साजरा करणं हा निर्लज्जपणा आहे. गांधीजींनीही १५ ऑगस्टवर बहिष्कार टाकला होता. ‘ये आझादी झूठी है’ हे तेव्हाच सांगून झालंय. झेंड्याला सलाम म्हणजे सरकारला मुजरा. लोक रडत असताना जो जिलेबी खाईल तो विकला गेलेला समजा. तेव्हा यंदा घरात बसा.

लिहिणाऱ्याची तळमळ मला खोटी वाटत नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटून आपल्या राज्यात जे झालं ते पाहून ज्याला काहीच वाटलं नाही, त्याने मतदान कशाला करावं हा प्रश्न मलाही पडतो. ३ मे २०२३ नंतरच्या हिंसाचारात मणिपुरात हजारो माणसं छावण्यांत जाऊन पडली, आणि त्या वर्षी १५ ऑगस्टला राष्ट्रगीताला उभं राहताना माझाही आवाज नीट फुटला नाही. पण या अस्वस्थतेतून संदेश जिथे जाऊन पोचतो ते ठिकाण चुकीचं आहे, आणि वाटेत दिलेली माहितीही अर्धीमुर्धी आहे.

<b>“गांधीजींनीही बहिष्कार टाकला होता.”</b>

दिल्लीत सत्तांतराचा सोहळा चालला होता तेव्हा गांधीजी तिथे नव्हते, एवढं खरं. ते कलकत्त्यात होते, बेलेघाटा भागातल्या हैदरी मंझिल नावाच्या मोडकळीला आलेल्या घरात. सोबत फाळणीपूर्व बंगालचे मुस्लिम लीगचे मुख्यमंत्री हुसेन शहीद सुऱ्हावर्दी होते. वर्षभरापूर्वी, १६ ऑगस्ट १९४६ पासून कलकत्त्यात जी कत्तल झाली, तिचा ठपका शहरातले हिंदू उघडपणे याच माणसावर ठेवत होते. त्याला शेजारी घेऊन एका छपराखाली राहायचं हे गांधीजींनी ठरवून केलं होतं.

१५ ऑगस्टला त्यांनी उपवास केला, सूत कातलं, प्रार्थना केली. गीतेचं पठणही झालं, कारण त्या दिवशी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांची पुण्यतिथी होती. पाच वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९४२ ला, महादेवभाई पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच गेले होते. दिवसभर लोकांची रीघ लागली होती. पश्चिम बंगालचे नवे मंत्री आशीर्वाद घ्यायला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना परत पाठवलं नाही. आता तुमच्या डोक्यावर काटेरी मुकुट आहे, सत्तेपासून जपा, खेड्यातल्या गरिबांच्या सेवेसाठी तुम्ही इथे आहात, असं त्यांना बजावलं.

बहिष्कार टाकणारा माणूस असा वागतो का? त्यांनी तो दिवस पाळला, फक्त रोषणाई न करता. आणि त्याच दिवशी त्याच शहरात, वर्षभर एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकायला घाबरणारे हिंदू आणि मुसलमान रस्त्यावर गळ्यात गळे घालून नाचत होते. तो आनंद गांधीजींनी नासवला नाही. तो टिकेल की नाही याची शंका मात्र त्यांना होती, आणि ती खरी ठरली. ३१ ऑगस्टला पुन्हा भडका उडाला, १ सप्टेंबरला त्यांनी उपोषण सुरू केलं आणि ४ तारखेला, शहर शांत झाल्यावरच सोडलं.

तेव्हाचा गोंधळ किती होता हे आज लक्षात राहत नाही. रॅडक्लिफने आखलेली भारत-पाकिस्तान सीमा १७ ऑगस्टला जाहीर झाली. म्हणजे १५ ऑगस्टला बंगालच्या काही भागांत लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हेच ठाऊक नव्हतं. मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा चढला होता आणि खुलन्यात तिरंगा, पुढे दोन्हीकडे उलट झालं. नदिया जिल्ह्यातल्या काही गावांत आजही १८ ऑगस्टला झेंडावंदन होतं, कारण ते भारतात आल्याचं त्यांना तेव्हा कळलं. पंजाबात तर प्रेतांनी भरलेल्या गाड्या येत होत्या. ‘देश शांत असेल तेव्हाच साजरा करू’ हा नियम लावला तर पहिलाच स्वातंत्र्यदिन बाद होतो.

<b>“ये आझादी झूठी है, हे तेव्हाच सांगून झालंय.”</b>

सांगून झालंय, खरंय. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कलकत्त्याला कम्युनिस्ट पक्षाचं महाअधिवेशन भरलं, बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि हीच भूमिका पक्षाची अधिकृत दिशा झाली. त्यामागचा राग पोकळ नव्हता. गिरणगावातल्या कामगाराच्या खोलीत १४ ऑगस्टला जी भूक होती तीच १६ ऑगस्टलाही होती.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि संदेश तिथेच थांबतो. दोन-तीन वर्षांत त्याच पक्षाने ती दिशा सोडली आणि ज्या स्वातंत्र्याला खोटं म्हटलं होतं त्याच्याच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उतरला. १९५२ मध्ये लोकसभेत १६ जागा मिळवून तो काँग्रेसखालोखाल सर्वांत मोठा पक्ष झाला. त्या जागांवरून सरकारला जाब विचारता आला तो कशाच्या बळावर? पुढे २०२१ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या कार्यालयांवर स्वातंत्र्यदिनी तिरंगा फडकवला. दुसऱ्या टोकाला, नागपूरच्या संघ मुख्यालयावर कित्येक दशकं न फडकलेला तिरंगा २००२ पासून फडकू लागला. कोणाला किती उशीर झाला हा हिशेब ज्याने त्याने करावा. मला एवढंच दिसतं की ज्यांनी या दिवसाकडे पाठ फिरवली होती, ते आपापल्या वाटेने तिथेच आले.

अपुऱ्या स्वातंत्र्याबद्दल बोलायचं तर त्याहून नेमकं बोलणारा माणूस संविधान सभेत बसला होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींच्या आयुष्यात पाऊल टाकणार आहोत: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा हा डोलाराच उडवून देतील, असा इशाराही दिला. एवढं सगळं समोर दिसत असताना त्यांनी संविधान मागे घेतलं नाही.

<b>“झेंड्याला सलाम म्हणजे सरकारला मुजरा.”</b>

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते आपल्याच माणसांच्या इतिहासावर बोळा फिरवतं.

लाहोर काँग्रेसने डिसेंबर १९२९ मध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळायचं ठरलं. स्वातंत्र्य कुठेच नव्हतं. सरकार इंग्रजांचं, पोलीस इंग्रजांचे, आणि तरी गावोगाव लोक जमले, प्रतिज्ञा वाचली, झेंडा लावला. पुढची सतरा वर्षं हा दिवस लाठ्या खात पाळला गेला. १९३० च्याच मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. १९४२ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमारने छातीवर गोळ्या झेलल्या त्या हातात झेंडा धरूनच.

मराठवाड्याला तर १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालंच नव्हतं. तिथे निजामाचं राज्य होतं आणि तिरंगा लावणं हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला, १५ ऑगस्टला झेंडे लावायची हाक दिली आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. तो दिवस ज्यांनी असा पाळला त्यांना खरा मुक्तिदिन बघायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

आणि गोवा. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही, त्यात महाराष्ट्रातले कितीतरी, हातात तिरंगा घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं गेली. पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे. हे लोक सरकारला मुजरा करत नव्हते. गोव्यात सैन्य पाठवायला दिल्लीचं सरकार तयार नव्हतं आणि या लोकांना ते मान्य नव्हतं. आपल्याच सरकारशी वाद असताना त्यांनी मुद्दाम १५ ऑगस्ट निवडला.

कायद्याचंही तेच आहे. १५ ऑगस्टला राज्याराज्यांत मुख्यमंत्री झेंडा फडकवतात ही प्रथा १९७४ पासूनची. त्याआधी तो मान राज्यपालांना होता; तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी मागणी लावून धरली म्हणून तो लोकांनी निवडलेल्या माणसाकडे आला. त्यामुळे त्याच सकाळी केंद्राच्या कट्टर विरोधातले मुख्यमंत्रीही तोच झेंडा फडकवतात आणि आपापल्या भाषणात केंद्रावर टीकाही करतात. सामान्य माणसाला वर्षभर कुठल्याही दिवशी झेंडा लावण्याची मुभा मिळाली २६ जानेवारी २००२ च्या ध्वजसंहितेने, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. इतक्या खटपटीने नागरिकाच्या हातात आलेली गोष्ट आपण ‘ती तुमचीच’ म्हणून सत्ताधाऱ्यांना देऊन टाकायची?

<b>“लोक रडत असताना जिलेबी खाणारा विकला गेलेला.”</b>

कोल्हापूरकडे १५ ऑगस्टला चौकाचौकात जिलेबीचे स्टॉल लागतात आणि सकाळी झेंडावंदन उरकून लोक कागदी पुड्यांसाठी रांगा लावतात. त्या रांगेत कर्जबाजारी शेतकरी असतो, भरतीची वाट बघणारा मुलगा असतो, धुणीभांडी करणारी बाई असते. त्यांना विकले गेलेले म्हणण्याआधी कोणाला काय किंमत मिळाली ते तरी सांगा.

रडणाऱ्यांच्या वतीने बोलताना ते स्वतः काय करतात हेही बघायला हवं. मणिपुरात भूमिगत संघटना दरवर्षी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला बहिष्काराचा हुकूम काढतात, त्या दिवशी बंद पुकारतात. एका संघटनेने सन २००० मध्ये हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि थिएटरं ओस पडली. १५ ऑगस्ट २०२३ ला, हिंसाचार चालू असताना, चुराचांदपूरच्या रेंगकाईमध्ये हमार जमातीच्या विद्यार्थी संघटनेने उघड्यावर हिंदी चित्रपट दाखवला. वीसेक वर्षांनंतर पहिल्यांदाच. घरदार गमावलेल्या लोकांनी तो दिवस अशा रीतीने वापरला, यातही राजकारण आहे, हे उघड आहे. पण त्यांच्या दुःखाचा हवाला देऊन इथे आपण बहिष्कार मागायचा, हे बरोबर नाही.

ज्याला खरंच आनंद वाटत नाही त्याने उसना आणू नये. केरळातल्या तीन भावंडांनी धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणायला नकार दिला होता. ती उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. हा देश गप्प उभं राहणाऱ्याचाही आहे. मग झेंडा लावणाऱ्याचीही अशी हजेरी घ्यायचं कारण नाही.

<b>“यंदा घरात बसा.”</b>

घरात बसून कोणाची सोय होते? १५ ऑगस्टला कुठल्याही जिल्हाधिकारी कार्यालयासमोर जाऊन बघा. एका बाजूला पालकमंत्र्यांच्या ताफ्यासाठी रस्ता मोकळा करणं चालू असतं, दुसऱ्या बाजूला मंडपात उपोषणाला बसलेली माणसं असतात. कोणाचा भूसंपादनाचा मोबदला अडकलाय, कोणाची अनुकंपा नोकरीची फाईल सहा टेबलांवर फिरतेय. आठवडाभर आधी तहसील आणि पोलीस ठाण्यात निवेदन जातं, ‘अन्यथा स्वातंत्र्यदिनी’ अशी त्यात ओळ असते, आणि वर्षभर न हललेली फाईल त्या आठवड्यात हलते. या दिवशी सरकारला माणसांसमोर यावंच लागतं, हे त्यांना नीट कळलंय.

गावात तर याहून सरळ रस्ता आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या प्रथेच्या तारखा. झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरांना खाऊ वाटला की ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) वही उघडून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागतो. घरकुलाची यादी, पाण्याच्या टाकीचं बिल, वित्त आयोगाचा निधी कुठे गेला, हे सगळं तिथे मोठ्याने विचारता येतं आणि विचारलेलं लिहून घ्यावं लागतं. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल तेवढी संख्या भरली की सभा कायदेशीर होते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुढच्या वेळी गणपूर्तीची अट नसते. मग सात-आठ जणांत यादी मंजूर होते, आणि घरी बसलेल्यांचं नाव त्या यादीत नसतं.