मळ्यातली विहीर: झाकायची की उपसायची?

मे महिन्याचा दुसरा आठवडा. दिवस कलला तरी पणजीतल्या आल्तिनोच्या डोंगराकडून तापलेल्या चिऱ्यांची धग येत होती. आमचा कट्टा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी मळा नावाच्या भागातल्या जुन्या विहिरीशेजारचा सोपो, बसायचा बांधीव बाक. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की एकेक जण जमतो. त्या दिवशी नळाचा तिसरा खाडा होता. टँकर येऊन गेला होता आणि त्याच्या पाइपातून सांडलेल्या पाण्याचा ओघळ अजून रस्त्यावर चमकत होता.

भाईनं त्या ओघळाकडे बघत विषय काढला. "ही बांय आता बंद करूया. वर स्लॅब घालूया. चार स्कूटर राहतील, आणि पावसात डासही होणार नाहीत."

तिथून जे सुरू झालं ते दिवे लागून गेले तरी चालूच होतं. कट्ट्यावर आम्ही भांडतो कोकणीत. लिहायला बसलो की माझा हात मराठीकडे वळतो. म्हणून बोलणं माझ्या भाषेत उतरवतोय, मुद्दे ज्याचे त्याचे आहेत.

मी लगेच म्हणालो, "भाई, नळाला पाणी नाही त्याच दिवशी विहीर बुजवायची गोष्ट करतोस?"

"बुजवायची कुठं म्हणतोय, झाकायची म्हणतोय."

"झाकलेली विहीर दोन वर्षांत बुजलेलीच असते रे," मास्तर म्हणाले. "उपसा थांबला की झऱ्यांच्या तोंडाशी गाळ बसतो. मग पाणी कुजतं, आणि लोक म्हणतात, बघा, घाणच होती, बरं झालं झाकली."

भाई गप्प बसणाऱ्यांतला नाही, आणि त्याचं म्हणणं नुसत्या स्कूटरपुरतं नव्हतं. "मास्तर, सत्त्याऐंशी साली मी दहावीला होतो. तुम्हाला आठवतं, मला आठवत नाही असं नाही." मग त्यानं सांगितलं. १९८६-८७ साली पणजीत मलेरियाची साथ आली. त्याआधी कित्येक वर्षं गोव्यात हा ताप असा घरोघरी नव्हता. शहरात इमारती उठत होत्या, ताज्या स्लॅबवर पाणी साठवलेलं असायचं, टाक्यांना झाकणं नसायची. शहरात मलेरिया पसरवणारा डास गटारात अंडी घालत नाही, त्याला स्वच्छ, संथ पाणी लागतं. टाकी चालते, हौद चालतो, विहीरही चालते. "अंगावर तीन वाकळी घालून मी थरथरत होतो. आई कपाळावर पट्ट्या ठेवायची, त्या याच बांयच्या पाण्यात भिजवून. आणि डास वाढत होते ते अशाच पाण्यात. तुम्हाला बांय म्हटलं की फुलं आठवतात. मला ती वाकळ आठवते."

यावर कुणी पटकन बोललं नाही. मीही नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्या गोष्टीला उत्तर देताना घाई करू नये असं मला वाटतं.

आमच्यातला धाकटा नोकरीला लागून दोन वर्षं झालीत. त्यानं मधला मार्ग काढला. "विहीर झाका आणि बोअर मारा. बटण दाबलं की पाणी."

मास्तरांनी डोक्याला हात लावला. "अरे, परवानगी नावाची गोष्ट आहे. २००२ साली भूजलाचा कायदा झालाय गोव्यात. नवी विहीर असो की बोअर, मनात आलं म्हणून खणता येत नाही. आणि ओरेंची खाडी इथून किती पावलांवर आहे? खाडीच्या काठाला खोलवरून पाणी ओढायला लागलास की खारं पाणी आत सरकायची भीती. आहे ती गोडी जाईल."

मग ते त्यांच्या आवडत्या विषयावर आले, आणि तिथं त्यांना थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही. आपला डोंगर जांभ्याचा. ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो तोच दगड. चिरा हातात घेऊन बघा, स्पंजासारखी भोकं असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की आल्तिनो तो पिऊन घेतो आणि पुढचे कित्येक महिने पायथ्याशी थेंबथेंब सोडत राहतो. शेजारच्या फोंतेन्हास भागाचं नावच मुळी 'फोंत'वरून, झऱ्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून पडलं. मळ्यातला झरा, आसपासच्या घरांच्या परसातल्या विहिरी, सगळं त्याच पाण्यावर. पण जांभा पाणी उन्हाळाभर धरून ठेवत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये पातळी खाली जाते. त्यात डोंगरावर काँक्रीट वाढलं की पाणी मुरायच्या आधीच गटारानं खाडीत जातं. "म्हणजे वरून डोंगराचं तोंड बंद करायचं, खालून विहिरीचं," मास्तर म्हणाले, "आणि मग टँकरची वाट बघत सोप्यावर बसायचं."

पात्रांव आतापर्यंत उठून विहिरीपाशी गेला होता. हा आमचा तारवटी, तीस वर्षं जहाजावर काढलेला. त्यानं घरून सुतळी आणली, टोकाला जुनं कुलूप बांधलं आणि आत सोडलं. जहाजावर रोज सकाळी प्रत्येक टाकीत किती पाणी आहे ते असंच मोजतात, म्हणाला. मीही वाकून बघितलं. काठाच्या दगडाला दोर घासून पडलेल्या खाचा आहेत, सात-आठ तरी. एकेका खाचेत बोट अर्धं बुडतं. माझ्या आजीचा दोर डावीकडच्या दुसऱ्या खाचेतून जायचा, ती कुणाला तिथं उभं राहू द्यायची नाही. खाली अंधारात आकाशाचा वाटीएवढा तुकडा हलत होता, बाजूला एक चेंडू आणि माडाची सुकलेली झावळी. पात्रांवनं सुतळी वर ओढली, ओला भाग हातानं मोजला. अडीच हात.

"मे महिन्यात अडीच हात, मरे! आणि तुम्ही स्लॅब घालताय?" मग हळूच पुढे, "आणि सांजांवला आम्ही उडी कुठं मारायची? चोवीस जूनला माझा नवा जावई येतोय. कोपेल डोक्यावर घालून त्यानं काय टँकरात उडी मारायची?"

सगळे हसले, भाईसुद्धा. सांजांव म्हणजे सेंट जॉनचा सण, त्या दिवशी कोपेल, फुलांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतात. पण पात्रांव गमतीनं बोलत नव्हता हे मला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या वाड्यावरच्या दोन विहिरी गेल्या आणि सांजांव करायला पोरांना स्कूटर काढून दुसऱ्या गावात जावं लागतं, ही त्याची खरी दुखरी जागा आहे.

एवढ्यात वरच्या खिडकीतून वहिनी बोलल्या. गच्चीत वाळत घातलेली कोकमाची सोलं गोळा करून त्या सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. "तुमचं मोजून झालं असलं तर मी एक विचारते. २०१९चा ऑगस्ट कोण विसरलं?"

कोण विसरेल? खांडेपारला मोठ्या जलवाहिन्या फुटल्या. पणजीचं पाणी ओपाहून येतं, खांडेपार नदीवरून. तिसवाडी, फोंडा, सगळे नळ कितीतरी दिवस कोरडे पडले. वर धो धो पाऊस, चतुर्थी पंधरा दिवसांवर, घरं धुवायला काढलेली, आणि नळात हवा. त्या दिवसांत ही विहीर काठोकाठ भरली होती. पहाटे पाचपासून कळश्या, बालद्या, रंगाचे रिकामे डबे रांगेत. ज्या घराशी आमचं वर्षभर बोलणं नव्हतं त्या घरच्या मुलानं माझ्या आईची बालदी ओढून वर नेऊन दिली. वहिनी म्हणाल्या, "तेव्हा इथं स्लॅब असता आणि वर चार स्कूटर, तर काय केलं असतं? स्कूटर कुठंही उभी राहते, भाई."

भाईचं उत्तर सरळ होतं. "मग साफ कोण करणार? बोलायला सगळे आहात. दर वर्षी कोण करणार?"

हाच खरा प्रश्न होता. मला जे म्हणायचं होतं ते मी तेव्हा म्हणालो आणि इथंही लिहितो: आम्ही करायचं. दर मे महिन्यात, पाणी सगळ्यांत खाली असतं तेव्हा, पावसाच्या आधी. आमच्या लहानपणी हे काम पुरुमेंतासारखंच, पावसाळ्याच्या बेगमीसारखंच होतं. मिरच्या, सुकी मासळी, उकडे तांदूळ भरून ठेवायचे तशीच विहीरही उपसून ठेवायची. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नव्हता.

काम कसं करायचं यावर मग अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पंप आणायचा तो विजेचा. डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, काठावरही धूर आत जाईल असं ठेवायचं नाही. तो धूर तळाशी साठतो आणि उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. आधी कंदील दोरीनं सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. तेवत राहिला म्हणजे हवा सुरक्षित आहे असं नाही, इंजिनाचा धूर त्यानं कळत नाही. उतरणारा माणूस नेहमी हे काम करणारा हवा, त्याला पूर्ण मजुरी द्यायची, कमरेला दोर बांधायचा आणि वर दोघांनी धरायचा. धाकट्यानं छाती पुढे काढून "मी उतरतो" म्हटलं तेव्हा मास्तरांनी त्याला ज्या आवाजात "नाही" म्हटलं तो आवाज त्यांच्या वर्गातल्यांनाच ठाऊक असेल. गाळ काढायचा, झऱ्यांची तोंडं मोकळी करायची, आतली झाडं मुळासकट उपटायची, नाहीतर चिरे फाकतात. पाणी भरल्यावर ब्लीचिंग पावडर. प्यायला हे पाणी वापरायचं नाही, कारण आजूबाजूला संडासाच्या टाक्या आहेत. पण माझ्या घरात पाच माणसं. प्यायला नि रांधायला दोन कळश्या पुरतात. बाकी सगळं धुण्यात, झाडांत आणि संडासात जातं. तेवढं इथून निघालं तरी टँकरमागे धावायला नको.

"आणि डास?" भाईनं पुन्हा विचारलं. तो मुद्दा सोडत नव्हता, आणि सोडू नये असंच मला वाटत होतं. रोजचा उपसा, आत गप्पी मासे, वर जाळी, मी म्हणालो. ब्लीचिंगचा वास पूर्ण गेल्यावरच मासे सोडायचे, नाहीतर ते मरतात.

"जाळी कसली? कावळा अडेल अशी की डास अडेल अशी?"

कुणी उत्तर द्यायच्या आत तो उठला. खिशातून दुकानाची मोजपट्टी काढली, एक टोक पात्रांवच्या हातात दिलं आणि विहिरीच्या तोंडाचं माप घ्यायला लागला. एकदा आडवं, एकदा उभं. विहीर नीट गोल नाही, चार बोटांचा फरक निघाला. त्यानं तो पोदेराच्या पावाच्या कागदावर लिहिला आणि खाली बारीक अक्षरात 'जाळी, डासाची' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

"रविवारी सकाळी सात," तो म्हणाला. "उशीर केलात तर मी स्लॅबवाल्याला बोलावेन."