पण पडले कसे?

नवतप्याचा तिसरा दिवस. पारा 45 च्या खाली यायला तयार नव्हता. असल्या दिवसांत नागपुरात कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. आधी त्याला पाणी, मग बाकीच्यांना चहा. मी मागच्या आंगणात टाकीत पाइप सोडला आणि पेपर उघडला. टाकी कधी भरली ते मला कळलं नाही, बायकोला कळलं. "अहो, पाणी वाया चाललं!" मी धावलो. पायात झिजलेली स्लिपर, खाली ओली फरशी. पडताना माणूस हात पुढे टेकतो. त्यानं डोकं वाचतं, मनगट जातं.

उठून बसलो तर उजव्या मनगटाला पाठीकडून एक उंचवटा आलेला. जेवणाचा काटा टेबलावर पालथा ठेवावा तसा हात दिसत होता. डॉक्टरमंडळी याला काट्याचीच उपमा देतात, हे नंतर कळलं. जन्मभर हातानं जेवलो, आणि काटा नशिबी आला तो असा!

शेजारचे काकाजी भिंतीवरून डोकावले. "पडले काय भाऊ? बोटं हलवा बरं." मी हलवली. "हलून राह्यले ना! मग नाही मोडलं. मुरगळलं असन. जवसाचं तेल लावा अन् कोणाकडून ओढून घ्या." मनगट चाचपूनही पाहिलं त्यांनी. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपराच्या आसपास सुरू होतात, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात आणि खालचं हाड मोडलं तरी त्या आपलं काम करत राहतात, हे ज्ञान मला दुपारी एक्स-रेसमोर झालं. सकाळी मात्र मी काकाजींच्या भरवशावर तासभर बसून होतो. जवसाचं तेल नेमकं संपलं होतं, म्हणून वाचलो.

धंतोलीत हाडाच्या डॉक्टरांना तोटा नाही, तोटा आहे तो गाडी लावायच्या जागेला. पोराच्या तीन चकरा झाल्या. "कॉलिस फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या सर्जननं 1814 साली याचं वर्णन लिहून ठेवलंय. एक्स-रेचा शोध लागला 1895 मध्ये. म्हणजे या गृहस्थानं नुसतं बघून नि चाचपून हे ओळखलं. चाचपलं तर आमच्या काकाजींनीही होतं म्हणा.

मग भूल दिली, एकानं कोपर धरला, डॉक्टरांनी पंजा ओढला, दाबला आणि हाड जागेवर बसवलं. 'ओढून घ्या' हा काकाजींचा सल्ला तत्त्वतः बरोबर निघाला! वर प्लास्टर. ते घट्ट होताना तापतं, हे शाळेत शिकलो होतो. पण तेव्हा ते माझ्या हातावर नव्हतं, आणि महिना मे नव्हता. हात छातीच्या वर ठेवा, बोटं हलवत राहा, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच या, आणि आत काहीही घालू नका, असं बजावून आम्हाला घरी धाडलं.

शेवटच्या सूचनेचा अर्थ चौथ्या दिवशी उमगला. घामाचा एक थेंब कोपरावरून निघाला, प्लास्टरच्या काठाशी क्षणभर थांबला आणि आत शिरला. पुढचा त्याचा सगळा प्रवास मी बोटानं नकाशावर दाखवला असता. तो मनगटाच्या अलीकडे मुक्कामाला थांबला आणि तिथं खाज सुटली. मी स्वेटर विणायची सुई उचलली. बायकोनं न बोलता ती काढून घेतली. आत ओरखडा पडून पिकला तर बाहेरून कोणाला दिसणार? डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ड्रायरची गार हवा सोडा. नवतप्यात ड्रायरमधून गार हवा! शेवटी ज्या कूलरपायी पडलो, त्याच्याच तोंडाशी हात धरून रात्री काढल्या.

पण खाजेपेक्षा वाईट म्हणजे भेटायला येणारे. "पडले कसे?" गाडीवरून पडलो असेन, अशी प्रत्येकाला आशा. "कूलरमध्ये पाणी भरताना," म्हटलं की चेहरे पडायचे. संत्रा बर्फी घेऊन आलेल्या एकांची तर एवढी निराशा झाली, की बर्फीचा डबा परत नेतात की काय असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी "वर्धा रोडला, ट्रकवाल्यानं..." अशी सुरुवात करून पाहिली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कूलरमध्ये पाणी भरत होते."

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. करवतीचा आवाज ऐकून मी डोळे मिटले. ती नुसती थरथरते, कातडी कापत नाही, हे आधी कोणी सांगितलं असतं तर! हात काडीसारखा, मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं. मग कोमट पाणी, मऊ चेंडू दाबणं, आणि "अजून थोडं वाकवा" म्हणणारी फिजिओथेरपिस्ट.

जुलै लागला होता. कूलरवर ताडपत्री चढली होती. मी आंगणात चेंडू दाबत बसलो होतो, तर भिंतीवरून डोकं वर आलं.

"हलून राह्यला ना हात? मी तर तेव्हाच म्हटलं होतं भाऊ, मोडलंच नव्हतं."