पोरांचे पाण्यावरचे प्रोजेक्ट म्हणजे फोटोसेशन? त्या पोस्टला उत्तर

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं की शाळेतली पोरं नदीवर, नाल्यावर जाऊन जे प्रोजेक्ट करतात ते फोटोपुरतं, कचरा आठ दिवसांत परत येतो, पोरांच्या आकड्यांना कुणी विचारत नाही, घाण करतात कंपन्या आणि राबतात पोरं, वर अभ्यास बुडतो आणि आजारपणाची भीती वेगळीच. एकेक बघू.

कचरा परत येतो, खरंय. एक दिवस कचरा उचलून फोटो काढला तर त्याला प्रोजेक्ट म्हणूच नका (थर्माकोलच्या नदीला निळा रंग फासणं पण प्रोजेक्ट नाही, ते तर बहुतेक वेळा आईबाबाच करतात). प्रोजेक्ट सुरू होतो तो कचरा परत का येतो इथून. उचललेलं सगळं वेगळं करून मोजायचं, पाऊच किती, बाटल्या किती, कुठल्या कंपनीच्या. याला ब्रँड ऑडिट म्हणतात, 2018पासून बऱ्याच देशांत स्वयंसेवक हेच करतायत. मग कंपन्यांना सोडून पोरांना धरलं कसं काय, पोरंच तर कंपन्यांची यादी काढतायत ना.

बालीत मेलाती आणि इसाबेल वाइसेन या बहिणींनी 2013 मध्ये प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा त्या 12 आणि 10 वर्षांच्या होत्या, वर्गातल्या एका धड्यावरून सुचलेलं. सह्या गोळा केल्या, सरकारच्या मागे लागल्या, 2019 मध्ये तिथे बंदी लागू झाली. फक्त त्यांच्यामुळे झाली असं नाही, पण हे फोटोपुरतं होतं का?

आता आकडे. इथे पोस्टवाल्याने कधी पाणी मोजलेलं दिसत नाही. विरघळलेला ऑक्सिजन घ्या. शेवाळाने भरलेल्या घाण तळ्यात भर दुपारी मोजला तर आकडा झकास येतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, आणि रात्री तेच शेवाळ आणि बॅक्टेरिया तो वापरून टाकतात म्हणून पहाटे आकडा एकदम खाली, मासे मरतात ते तेव्हा. म्हणजे शाळेच्या वेळेत एकदाच मोजून आलात तर पाणी 'उत्तम'! पण हे पोरांना समजतं हो, नीट समजावलं तर. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, नाला नदीला मिळतो त्या जागेच्या वरच्या अंगाला एक सॅम्पल आणि खालच्या अंगाला एक, प्रत्येक मोजणी तीनदा. शिवाय किडे बघता येतात. मोठ्यांनी काठावर आणून दिलेल्या दगडांवर मेफ्लाय, स्टोनफ्लायची पिल्लं दिसली तर पाणी बरं, नुसत्या लाल बारीक अळ्याच उरल्या असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय, आणि हे किडे महिनोन्महिने त्याच पाण्यात राहतात त्यामुळे तुम्ही गेलात त्या दिवशी पाणी स्वच्छ दिसलं तरी मागचं कळतं. ग्लोब नावाच्या कार्यक्रमात 1995पासून शंभराहून जास्त देशांतल्या शाळा ठरलेल्या पद्धतीने अशा नोंदी करतायत, शास्त्रज्ञ त्या वापरतात. कोर्टात पोरांचा आकडा टिकणार नाही, मान्य, पण 'इथे येऊन लॅब टेस्ट करा' असा अर्ज करायला पुरतो.

अभ्यास बुडतो? पीएच, सरासरी, आलेख, अर्जलेखन, सगळं पुस्तकातलंच आहे. पुढे.

आजारपणाचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, पोस्टमधला हाच एक दमदार. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, साध्या जखमेतूनही शिरतो. म्हणून पोरांनी पाण्यात उतरायचंच नाही, सॅम्पल काठीला बांधलेल्या बाटलीने मोठ्या माणसाने काढायचं, हातमोजे सगळ्यांना, सुया किंवा दवाखान्याचा कचरा दिसला तर हात न लावता फक्त जागा लिहून घ्यायची. शाळेने एवढं ठरवलं नसेल तर पोराला पाठवू नका, सरळ नाही सांगा.