निळ्या लाटा फॉस्फरसच्या नाहीत

‘रात्री लाटा निळ्या चमकतात त्या कारखान्यांनी सोडलेल्या फॉस्फरसमुळे, पाण्यात पाय घालू नका,’ असा मेसेज देवगड-मालवणपासून गुहागरपर्यंत ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. पांढरा फॉस्फरस तर पाण्याखालीच साठवतात, कारण हवेत तो पेट घेतो; म्हणजे पाण्यात तो असा चमकणार नाही.

तो उजेड नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा. पेशी एकच, पण अर्ध्या-एक मिलिमीटरची. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन टॉर्चसमोर धरा, ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतील. लाट किंवा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर लागला की पेशीच्या पटलावरून विद्युत संदेश धावतो, आतल्या सूक्ष्म कणांत आम्लता वाढते, ल्युसिफेरेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि ल्युसिफेरिन या द्रव्यापासून प्रकाश निघतो. तोही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच. म्हणून संथ पाणी काळंच राहतं.

अन्न भरपूर असलं की या पेशी दुभागत झपाट्याने वाढतात. सांडपाण्यातली पोषकद्रव्यं या वाढीला हातभार लावू शकतात, एवढं मात्र मान्य करायलाच हवं. थर फार दाट झाला तर अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. तेव्हा किनाऱ्याला लागलेली मेलेली मासळी घरी नेऊ नका.