खान्देशाखाली ‘एकच काळा दगड’ नाही

जमिनीखाली कुठे कोणता खडक आहे हे दाखवणाऱ्या नकाशांवर ‘भूगर्भ नकाशे म्हणजे सरकारी पैशाचा चुराडा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. साक्री तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, आता नारळवालाच बोलावतो.’ म्हणजे तळहातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणारा पाणाड्या. हे वाचून गप्प बसवेना. बोअरचा खर्च त्याच्या कर्जातून जाणार आहे, मेसेज लिहिणाऱ्याच्या खिशातून नाही.

मेसेजचं म्हणणं असं: सगळ्या खान्देशाखाली एकच काळा दगड आहे, त्याचा नकाशा काय काढायचा? पाणी नारळानेच कळतं. इंग्रजांपासून यावर पैसा वाया चाललाय. नकाशे खाणवाल्यांसाठी असतात. भूकंप तर सर्व्हेवाल्यांना सांगता येत नाही. तेव्हा ते शिवारात दिसले की हाकलून द्या.

यातला ‘एकच काळा दगड’ हा मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. तिथे तापीच्या गाळाचा थर इतका जाड आहे की ट्यूबवेल खोल नेली तरी चिकणमाती, वाळू, पुन्हा चिकणमाती असंच लागत जातं. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि भरड वाळूचा पट्टा आहे, तिथे पाणी भराभर मुरतं. साक्रीकडे बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, आहे हे खरं, पण तोही एकसंध नाही. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा पसरत गेला. कुठे तो सच्छिद्र आणि कुजका, कुठे पहार न लागणारा कातळ, तर दोन थरांच्या मध्ये कुठे लाल गेरूसारखी माती. विहीर खोदणारा गडी हे सगळं हाताने ओळखतो. मेसेज लिहिणाऱ्याने विहिरीत कधी डोकावून पाहिलेलं दिसत नाही.

आणि या थरांना उभ्या चिरत गेलेल्या दगडी भिंती, म्हणजे डाईक? आपल्या माळांवर काळ्या दगडांची लांबच लांब, सरळ ओळ दिसते, गावकुसाची पडकी भिंत असावी तशी. धुळे-नंदुरबार भागातल्या या भिंतींचा एक सविस्तर अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 14,500 चौरस किलोमीटरमध्ये एक किलोमीटरपेक्षा लांब अशा 210 डाईक त्यात नोंदल्या आहेत. जाडी 3 पासून 62 मीटरपर्यंत, आणि सगळ्यात लांब डाईक 79 किलोमीटरची. बहुतेक सगळ्या उभ्या आणि जवळजवळ पूर्व-पश्चिम. आता तापीच्या दक्षिणेला जमिनीचा एकूण उतार कुठे आहे? उत्तरेला, तापीकडे. म्हणजे जमिनीखालून सरकणाऱ्या पाण्याला या भिंती आडव्या येतात. भिंत घट्ट असेल तर पाणी वरच्या अंगाला तुंबतं आणि खालच्या अंगाची विहीर लवकर तळ दाखवते. भिंतीला भेगा असतील तर तीच पाणी वाहून नेते. मावसभावाच्या शेताला लागूनच अशी ओळ गेली आहे. तिच्या वरच्या अंगाच्या विहिरीवर होळीपर्यंत मोटर चालते, याच्याकडे पौषातच बोंब. मागच्या उन्हाळ्यात पाणाड्याने नारळ उभा राहिला म्हणून जागा दाखवली, ती ओळीच्या खालच्या अंगाला. बोअर फेल गेला.

नारळाला कधी पाणी लागत नाही असं नाही. कुजक्या खडकात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी असतं, त्यामुळे दहात काही बोअर लागणारच. लागलेल्या बोअरची गावभर चर्चा होते, फेल गेलेल्याचे हप्ते एकटा शेतकरी फेडतो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. नुसता नकाशा बघून गट नंबरात बोअरची जागा दाखवता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याचा नेहमीचा नकाशा 1:50,000 प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. जागा ठरवायला शेतात येऊन तपासणी हवीच. शिवाय हे नकाशे इंग्रजीत, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मी तरी कधी पाहिले नाहीत. ही चूक सरकारची, पण त्यामुळे नकाशा खोटा ठरत नाही. शिरपूरला नाले रुंद आणि खोल केले, ते गाळात पाणी अडवणारा मातीचा थर कुठे आहे हे ओळखून. त्या कामामागे सुरेश खानापूरकर हे भूवैज्ञानिक होते, नारळ नव्हता.

पैसा वाया? अमेरिकेतल्या केंटकी राज्याने 1960 ते 1978 मध्ये सगळ्या राज्याचा 1:24,000 प्रमाणावर नकाशा काढला. सुभाष भागवत आणि विजू इपे या अभ्यासकांनी 2000 साली त्याचा हिशोब मांडला: खर्चाच्या किमान 25 ते 39 पट मोल. आपल्याकडे असा हिशोब मांडला तर तेवढाच निघेल असं मी म्हणत नाही, पण ‘चुराडा’ म्हणणाऱ्याने निदान एक आकडा तरी द्यावा.

खाणवाले नकाशे वापरतात, वापरोत. सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर ते तुम्हालाही पाहता येतात. भूकंपाची तारीख जगात कोणालाच सांगता येत नाही. पण 1938 साली सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, तेव्हा जमिनीतले भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषा, कुठून जातात हे धरण आणि पूल बांधणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

राहिलं हाकलून देणं. सर्व्हेवाला हातोडी घेऊन आला तर त्याला तुमच्या विहिरीत उतरू द्या, आणि बोअर मारताना किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर लाल माती, कुठे पाणी लागलं ते सांगा. आज ही माहिती रिगच्या गाडीबरोबर गावाबाहेर निघून जाते आणि शेजारचा शेतकरी पुन्हा शून्यापासून बोअर मारतो.